सिंधूबाईनं निजवलेलं झाड

सोमवार, १६ डिसेंबर २०२४. सकाळी सहाला घरात तेरा अंश. वीज दुपारी सव्वाबाराला आली. शाळेतल्या सफरचंदाची पानं काढायला मुलांनी सुरुवात केली, मसाजीच्या शेळ्यांनी ती संपवली. सिंधूबाई हातात डाव घेऊन नवऱ्यामागे फाटकापर्यंत धावली. गहू उन्हात घातले.

या नोंदीपासून सुरुवात करते, कारण गावात ही गोष्ट आता वेगळी सांगतात. तातेरावांनी शाळेत सफरचंद पिकवलं असं म्हणतात. ते खरं नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. लहानपणी हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी रोजची नोंद त्याच दिवशी लिहायची सवय लावली, ती लग्न होऊन या गावात आल्यावरही सुटली नाही. मिस्टर गेले त्या दिवशीचीही नोंद आहे. आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून आत सहा किलोमीटर, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणावर उघडते. तेव्हा पुढे जे लिहिते ते बहुतेक पाहिलेलं आहे. जे ऐकलेलं आहे ते ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलं आहे.

सिंधूबाई शाळेत मुलांचं जेवण शिजवते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, तिला स्वतःला नक्की ठाऊक नाही. नवरा मसाजी शेळ्या-मेंढ्या राखतो. मुलगा हनुमान वसमतला एका रोपवाटिकेत कामाला आहे. चार वर्षांपूर्वी त्यानं आईला सफरचंदाचं एक कलम आणून दिलं, उन्हाच्या मुलखात येणाऱ्या जातीचं. "माह्या घरी शेळ्या तुळस बी ठिवत न्हाईत," म्हणत तिनं ते शाळेच्या अंगणात लावलं, मुलं ताटल्या धुतात त्या पाण्याच्या वाटेवर. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी बैठक झाली असती, आणि बैठक होईपर्यंत कलम वाळून गेलं असतं.

झाड वाढलं, माझ्या दीडपट उंच झालं, पण फूल काही आलं नाही. मग गेल्या डिसेंबरात, पाच तारखेला, शिवशंकर सरांनी वर्गात एक तक्ता टांगला. शहरातल्या कुठल्याशा संस्थेनं भेट दिलेला, गुळगुळीत कागदाचा. त्यावर एकच सफरचंदाचं झाड चार वेळा काढलेलं: एकदा गुलाबी फुलांचं, एकदा हिरवं, एकदा लाल फळांचं आणि एकदा बर्फात उघडंबोडकं. सरांनी सांगितलं, हिवाळ्यात झाडाची पानं गळतात. तर चौथीतली प्रतीक्षा उठून खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"सर, आपल्या झाडाची तर एक बी पान गळलं न्हाई. आपलं झाड खोटं हाय का?"

"अगं, ते काश्मीरचं झाड. इथं कुठं तेवढी थंडी? आपलं नुसतं शोभेचं."

सिंधूबाई खिचडीचं पातेलं घेऊन दारात उभी होती. "सर, झाड खोटं न्हाई. तक्ता दुसऱ्या गावचा हाय."

सर हसले. माणूस चांगला आहे, पण तक्त्यावर त्यांचा फार विश्वास. "मग आपल्या गावचं तुम्हीच शिकवा की, सिंधूबाई."

"शिकविते. त्यात काय."

त्यांनी थट्टा केली होती. तिनं ती कामासारखी अंगावर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर स्वयंपाकखोलीच्या पायरीवर तिचा वर्ग भरायला लागला. मी खिडकी उघडी ठेवून भाजी निवडत असे, म्हणून मलाही तो फुकट मिळाला. फळा नाही, पुस्तक नाही. पहिल्या दिवशी तिनं मुलांना चूल दाखवली.

"ही पेटलेली असताना मी घरी जाऊन निजते का?"

"न्हाई!"

"काहून?"

"आग लागंल."

"आग लागंल ते हायेच. पर चूल पेटली म्हंजी काम चालू हाय. झाडाचं पान म्हंजी त्याची चूल. त्याच्यावर ते सोताचं जेवण करतं. तिकडं काश्मिरात थंडी येऊन चुली इझवती, मंग झाड निजतं. आपल्याकडची थंडी लई भिडस्त. झाडाला कोणी नीज म्हनतच न्हाई, ते आपलं वर्षभर रांधून राहिलं. मंग फुलंल कधी?"

"मंग आपण इझवायची?" प्रतीक्षानं विचारलं.

"आपणच इझवायची."

हे तिला हनुमाननं फोनवर सांगितलेलं होतं, पण चूल तिची स्वतःची. आधी तिनं ताटल्यांच्या पाण्याची वाट मातीचा बांध घालून शेवग्याकडे वळवली आणि सफरचंदाला दहा दिवस ताण दिला. मग सोळा तारखेला मुलांना पान कसं काढायचं ते शिकवलं. देठ झाडावर ठेवायचा, पान तेवढं घ्यायचं, कारण देठाच्या बगलेत डोळा असतो आणि फूल त्या डोळ्यातून येतं. मोठी मुलं बाकावर चढून वरून सुरू झाली. एकतीस मुलं, प्रत्येकाला दहा पानं. बाकीची उद्या, असं ठरलं.

दुपारी मुलं वर्गात असताना मसाजी आला. शाळेतली पोरं झाडाची पानं ओरबाडून राहिलीत, एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं फाटक उघडलं आणि तीन शेळ्या आत सोडल्या. ज्याला पाल्यासाठी रोज मैलभर पायपीट, त्याला दुसरं काय सुचणार? मी खिडकीतून ओरडले, त्यानं मला हात करून नमस्कार केला.

सिंधूबाई बाहेर आली तेव्हा पांढरी शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून साल सोलत होती.

"तुमाला कोणी बोलावलं व्हतं?"

"पानं काढायचीच व्हती ना? घे, पंधरा मिनिटात साफ. पोरायला काहून तकलीफ?"

"आन ही साल? ही बी काढायची व्हती?"

"ती जरा जास्तीची झाली," मसाजी म्हणाला, आणि डाव दिसल्यावर पळाला.

खालच्या फांद्यांचे शेंडे गेले होते. खोडाची एका अंगाची साल वीतभर गेली होती. सिंधूबाईनं शेण आणि काळी माती कालवून तिथं जाड लेप दिला आणि वरून आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली. मुलं रडायला लागली तेव्हा म्हणाली, "वरच्या फांद्या तुमच्या हातच्या हायेत. त्या फुलतील. खालच्या शेळ्यांच्या. त्यायचा धडा शेळ्यायला इचारा."

दोनच दिवसांनी तातेराव आले. शाळेच्या समितीचे अध्यक्ष, गावात सगळ्यांत मोठी जमीन त्यांची, आणि प्रतीक्षा त्यांचीच नात. सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमासाठी त्यांना अंगणात पक्कं स्टेज बांधायचं होतं, बरोबर झाडाच्या जागी. आजवर हिरव्या झाडाला हात कसा लावायचा म्हणून ते थांबले होते.

"आता तर वाळलंच," ते म्हणाले.

"वाळलं न्हाई. निजलंय."

"किती दिवस निजणार?"

"माघापर्यंत."

"सव्वीस जानेवारी माघाची वाट पाहत न्हाई, सिंधूबाई."

"मंग सव्वीस जानेवारीनं जरा पलीकडं बसावं."

"लई बोलून राहिली तू. स्वयंपाकाला दुसरी बाई भेटत न्हाई असं न्हाई."

"भेटंल की. झाडाला हात लावायच्या आधी आणा तिला, मी तिला समदं समजून सांगते."

त्यांनी वीस जानेवारीपर्यंत पालवी दिसली तर बघू, असं म्हटलं. शिवशंकर सर हजेरीपट घेऊन वर्गात निघून गेले. मी त्या दिवशी त्यांच्याविषयी जे लिहिलं ते इथे देत नाही.

त्यानंतर सिंधूबाईनं मुलांना झाड जिवंत आहे की नाही ते पाहायला शिकवलं. बारीक फांदीवर नखानं हलकी रेघ ओढायची. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलं. पहिल्याच दिवशी सगळे नखं परजून धावले. तिनं फळीसारखे दोन्ही हात पसरून अडवलं. "समद्यांनी नख लावलं तर शेळ्या काय वाईट व्हत्या?" तेव्हा रोज एक मूल, एक रेघ. कोणाची पाळी कधी, ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. सिंधूबाईला सही करता येते, त्यापुढे लिहायला ती कंटाळते. डिसेंबर अखेरपर्यंत माझ्या डायरीत रोज एका मुलाचं नाव आणि पुढे "हिरवं" असा शब्द आहे. दोन जानेवारीला मात्र खालच्या फांदीवर रेघ तपकिरी निघाली, आणि नावाखाली आणखी एक ओळ आहे: "झाड गेलं असं मला वाटतं. सिंधूबाईला बोलले नाही."

वीस तारीख गेली. डोळे किंचित फुगल्यासारखे दिसत होते, पण ते ज्याला पाहायचं होतं त्याला. चोवीस जानेवारीला, शुक्रवारी, सकाळी अकराला तातेराव गवंडी सोनाजी आणि त्याचे दोन गडी घेऊन आले. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

प्रतीक्षा वर्गातून थेट धावत आली. "आजोबा, नख लावून पाहा. आज माही पाळी हाय, तुमी लावा."

तातेरावांनी नातीसमोर नख लावलं. हिरवं निघालं. ते म्हणाले, "तोडलेल्या शेवग्याची फांदी बी महिनाभर हिरवी ऱ्हाते, बेटा." ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त राग आला.

सिंधूबाई वळली. आत गेली. मला वाटलं, हरली. तेवढ्यात ती सतरंजीची वळकटी घेऊन बाहेर आली आणि झाडाभोवती अंथरली. रोज व्हरांड्यात बसणारी पंगत तिनं त्या दिवशी झाडाला वेढून बसवली. एकतीस मुलं, पाठी झाडाकडे, तोंडं बाहेर. मग पातेलं आणलं. वेळेच्या तासभर आधी.

"अरे, ही काय वेळ हाय जेवायची?" तातेराव.

"लेकरायला भूक लागली."

"लागली!" एकतीस मुलं.

तिनं मुलांना वाढलं. मग तीन ताटल्या भरून सोनाजी आणि गड्यांसमोर ठेवल्या. "तुमी नाक्यावरून सकाळचे निघालेले. दोन घास खाऊन घ्या, मंग काय करायचं ते करा." ते बसले. मटकीची खिचडी होती, वर लसणाची फोडणी. तिनं दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा विचारलंच नाही, वाढली.

सोनाजीनं हात धुतले, गमछ्याला पुसले आणि गड्याला कुऱ्हाड गाडीत ठेवायला सांगितली.

"काय झालं?" तातेरावांनी विचारलं.

"मालक, बाईच्या हातचं खाऊन लगोलग तिच्या झाडावर कुऱ्हाड न्हाई चालवत आमी. दुसरा गवंडी पाहा. न्हाईतर मी स्टेज चार फूट तिकडं सरकवतो, सांजेपर्यंत जोतं उभं करून देतो."

दुसरा गवंडी दोन दिवसांत कुठून मिळणार? स्टेज चार फूट सरकलं. तातेराव जाताना सिंधूबाईला म्हणाले, "माघात फूल दिसलं न्हाई तर मीच तोडीन."

"माघात या तर खरं."

मी भिंतीपलीकडून विचारलं, "सिंधू, हे आधीच ठरवलं होतंस?"

"न्हाई काकू. कुऱ्हाड पाहिली आन हातानं पातेलं उचललं." मग म्हणाली, "मटकी मातर काल रातच्यालाच जास्तीची भिजवली व्हती."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी, माघ शुद्ध दशमी: पहिलं फूल. चार दिवसांत अकरा झाली. सगळी वरच्या फांद्यांवर, मुलांच्या हातच्या. खाली एकही नाही. तक्त्यातल्यासारखी गुलाबी नव्हती. पांढरी, कडेला गुलाबी झाक. तातेराव आले नाहीत. मसाजी आला, बाभळीच्या काट्यांचं कुंपण झाडाभोवती घातलं आणि तसाच निघून गेला. शिवशंकर सरांनी मुलांना नवा तक्ता करायला लावला. तोही चार चित्रांचा. पहिल्यात मुलं पानं काढताहेत, दुसऱ्यात फुलं, तिसऱ्यात मे महिन्याचं ऊन आणि पाण्याची घागर घेतलेली सिंधूबाई, चौथं रिकामं. शेळीही कोणीतरी कोपऱ्यात काढली होती. सरांनी ती खोडायला सांगितली नाही.

पाच फळं धरली. मे महिन्यात शाळा बंद, तरी सिंधूबाई रोज संध्याकाळी घागर घेऊन येत असे. एक फळ वाऱ्यानं पडलं, दोन पोपटांनी नेली. उरलेल्या दोन फळांना मी मिस्टरांच्या मलमलीच्या रुमालांच्या पिशव्या शिवून दिल्या.

सोमवार, १६ जून २०२५, शाळेचा पहिला दिवस. प्रतीक्षाचं नाव आता नाक्याच्या शाळेत पाचवीला घातलेलं, पण ती त्या दिवशी तिकडे गेलीच नाही. नव्या मुलांच्या स्वागताला तालुक्याहून पाहुणे आले होते. तातेरावांनी स्टेजवरून सांगितलं की या मातीत सफरचंद यावं हे समितीचं जुनं स्वप्न होतं, आणि ही दोन फळं आता पाहुण्यांना भेट देऊ. सिंधूबाई फळं ताटलीत घेऊन स्टेजसमोर आली. वर चढली नाही.

"फोटो घ्यायचा तर घ्या. फळं लेकरायची हायेत."

"अगं, पाहुण्यांचा मान असतो."

"पाहुण्यायनं नख लावलं व्हतं का एक दिवस तरी?"

कोणीतरी हसलं. पाहुणेच हसले, असं नंतर कळलं. फोटो निघाला, तोच पुढे समितीच्या पत्रकात छापला. मग सिंधूबाईनं पायरीवर बसून माझ्या सुरीनं दोन सफरचंदांच्या चौतीस फोडी केल्या, प्रतीक्षासकट. इतक्या पातळ, की त्यांतून उजेड दिसत होता. एक फोड तिनं मसाजीला दिली, एक सरांना. तातेरावांपुढेही ताटली धरली. त्यांनी घेतली, हेही लिहायला हवं.

"आंबट हाय," पहिलीतला एक म्हणाला.

"आपलंच हाय," प्रतीक्षा त्याला म्हणाली. "गप खा."

त्या दिवशी संध्याकाळी डायरीत शेवटी लिहिलं: सुरी शाळेतच राहिली. कांदे विळीवर चिरले.