दाजींचं जड स्टिअरिंग

लोक गाडीला काहीबाही लावून घेतात. आमचे दाजी असलेलं काढत होते. ताईचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो. कारखान्यात त्यांचं नाव मिलिमीटर, कारण लेथवरून कातून उतरलेल्या तुकड्याचं माप ते आधी अंगठा फिरवून सांगायचे आणि मग मोजायचे. जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार त्यांनी मोठ्या हौसेने घेतली होती, आणि आता बॉनेट उघडून तिचा एसी आणि पॉवर स्टिअरिंग उपसायला निघाले होते.

मला नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही. विचारलं, "दाजी, एसीने तुमचं काय घोडं मारलं?"

"त्याचा कॉम्प्रेसर नि स्टिअरिंगचा पंप एकाच पट्ट्यावर. पंप काढायचाच आहे, मग ते धूड कशाला वागवायचं?"

"पण पंप तरी का काढायचा?"

"त्याने स्टिअरिंग हलकं होतं. हाताला रस्ता कळत नाही."

एवढ्यावर माझं समाधान होणार होतं थोडंच. ताई शिवणाच्या मशीनवर बसली होती, तिच्याकडे गेलो. ती काम न थांबवता म्हणाली, "त्यांची बोटं बधिर होत चाललीत. डॉक्टर म्हणतात, वाढेल. हाताला कळतंय तोवर त्यांना रस्ता हवाय. अंगठ्याने माप सांगणं कधीच बंद झालंय, तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. जगाच्या चौकशा करणाऱ्या मला घरातलं दिसलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

एसीवाल्याने मशीन लावून गॅस काढून नेला. मग कॉम्प्रेसर उतरला, पंप उतरला, आखूड पट्टा चढला. पंपाकडे जाणाऱ्या नळ्या दाजींनी एकमेकींना जोडून टाकल्या, म्हणजे स्टिअरिंगमधलं उरलेलं तेल आतल्या आत फिरत राहील. हात पुसून ते फेरी मारायला निघाले आणि कोपऱ्यावरूनच परत आले.

"जड झालंय," ते म्हणाले. "पण हाताला काही लागत नाही. गेले माझे हात."

गाडीवर कव्हर पडलं. दाजी जेवायला खाली मान घालून बसायचे. विकून टाकू म्हणाले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ताईने कव्हर ओढलं, किल्ली घेतली आणि कुणाला न विचारता गाडी बाहेर काढली. परत आली ती सरळ दाजींसमोर उभी राहिली.

"मलाही काही लागलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे कापडातली सुताची गाठ मला न बघता कळते. माझ्या बोटांना रस्ता लागत नसेल, तर खोट गाडीत आहे. उघडा परत."

दाजींनी चाकं वळवणारी रॅक खाली उतरवून खोलली. आतलं रबरी सील दर वळणाला तेल इकडून तिकडे ढकलत होतं, आणि रस्त्याचे धक्के त्या तेलातच जिरत होते. एरवी हे त्यांनी सगळ्यात आधी तपासलं असतं. पण हातांवरचा भरवसाच उडालेला, त्यामुळे गाडीवर संशय घ्यायचं सुचलंच नाही. त्यांनी सील कापून काढलं, तेल निपटलं, ग्रीस भरलं, रॅक परत बसवली.

या वेळी फेरीला ताई दाजींच्या शेजारी बसली, मी मागच्या नावापुरत्या सीटवर अंगाची घडी करून. काचा खाली, घामाच्या धारा. ताईने स्टिअरिंगवर एक हात ठेवला.

"खडी," दाजी म्हणाले.

"हो."

"डाव्या चाकाखाली खड्डा बुजवलाय."

"बरोबर."

पुढे गुळगुळीत रस्ता लागला. दाजींनी तिच्याकडे पाहिलं. "आत्ता काही होतं का?"

"बारीक थरथर होती."

"मला नाही कळली."

"ठीक आहे," ताई म्हणाली. तिने हात काढला नाही. "ती मी सांगत जाईन."