खालच्या खोलीतला स्पीकर

आईनं अंथरुणातून उठावं म्हणून मी मेलेल्या वडिलांचं सोंग घेतलं, आणि तेही स्पीकरमधून. हा गाढवपणा आहे हे मला बोलता बोलताच कळत होतं. पण एकदा तोंड उघडल्यावर मी मधेच थांबलोय असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही.

आई मोरीत पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, टाकेही निघाले. डॉक्टर म्हणाले, वॉकर आणा आणि रोज उभं करा. मग मला दाराबाहेर बोलावून त्यांनी स्वच्छ सांगितलं, की हाडाची काळजी नाही, पण अशाच पडून राहिल्या तर छातीत कफ भरेल, आणि मग आमच्या हातात काही नाही. मी वॉकर आणला. आईनं त्याच्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड केलं. मी आणि बायको दोन्ही बाजूंनी धरून उभं करायला गेलो की ती भिजलेल्या पोत्यागत अंग सोडून द्यायची.

"मला आता कुठं जायाचं हाय?" म्हणायची. "जायाचं ते एकाच जागी. तिकडं चालत कोण जातंय?"

मुरगूडकडची बाई. एकदा नाही म्हटलं की देवळातला देव खाली उतरला तरी नाहीच.

निदान सकाळची भजनं तरी कानावर पडू देत म्हणून मी वडिलांचे स्पीकर बाहेर काढले. वडिलांनी साखर कारखान्यातून निवृत्त होताना हौसेनं घेतलेले, लाकडी खोक्यातले, तिजोरीएवढे वजनदार. वडील गेल्यापासून ते वरच्या खोलीत चादरीखाली उभे होते. अंधारात बघितलं तर दोन माणसं डोक्यावरून पांघरूण घेऊन बसल्यासारखी दिसायची. बायको म्हणूनच एकटी वर जात नसे. मी तिला हसायचो, पण तिथली चादर मीसुद्धा दिवसाउजेडीच ओढली.

जाळी काढली. आत कागदाचा मोठा काळा पडदा असतो आणि त्याच्या कडेनं स्पंजची मऊ झालर असते. तिच्यावर पडदा आत-बाहेर हलतो म्हणून आवाज निघतो. बघताना झालर शाबूत होती. बोट टेकलं आणि ती सगळीच्या सगळी गळून खाली आली. बोटाला नुसता काळा चिकट चुरा राहिला. इतकी वर्षं ती नुसती दिसायला होती.

दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, पावणं, टाकून द्या की, नवीन घ्या. मला टाकवेना. मग माझे प्रयोग सुरू झाले. आधी छत्रीचं कापड लावलं. त्या स्पीकरमधून गवय्या घोंगडी पांघरून गायला. शेवटी एका चप्पलवाल्याकडून अस्तराचं पातळ, मऊ कातडं आणलं, गोल कापलं, जुना चुरा ब्लेडनं खरवडून पेट्रोलनं पुसला आणि पंक्चरच्या सोल्युशननं कातडं चिकटवलं. खाली आईच्या खोलीत ठेवायचा स्पीकर आधी केला. आवाज असा भरून आला की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. तो आईच्या उशाशी स्टुलावर ठेवला, जाळी न लावताच, आणि वरच्या ॲम्प्लिफायरपासून खिडकीतून लांब वायर सोडली. आई चांगलं म्हणाली नाही, वाईटही म्हणाली नाही. भिंतीकडं तोंड करून ऐकायची.

ॲम्प्लिफायरची एक बाजू कधीच मेली होती. म्हणून दोन्ही स्पीकरच्या वायरी एकत्र पिळून मी उरलेल्या बाजूला लावल्या होत्या.

दुसरा स्पीकर करायला घेतला त्या दुपारी बायको शाळेत शिकवायला गेली होती. भारनियमनाचे दिवस. वीज गेली की अख्ख्या गल्लीतले पंखे, पिठाची चक्की, टीव्ही, सगळं एकदम बंद व्हायचं, आणि कानात दडे बसल्यासारखं वाटायचं. वायरींचा तो पीळ ॲम्प्लिफायरमधून उपसून मी बाजूला टाकला. सोल्युशनवर धूळ नको म्हणून खिडकी लावून घेतली आणि त्या वासात ठसकत कातडं चिकटवत बसलो.

वाळल्यावर परीक्षा घ्यायची असते. चार बोटांनी पडदा हलकेच आत दाबायचा, सोडायचा, आणि आत काही घासतंय का ते कान लावून ऐकायचं. मी दाबला, सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. काही घासत नव्हतं. मी खूश होऊन हात काढला आणि सोल्युशनच्या वासानं मला जोरात खोकला आला.

खोकला थांबला. आणि समोरचा पडदा हलला.

वीज नव्हती, ॲम्प्लिफायर लांब कोपऱ्यात होता, माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते. पडदा पुन्हा हलला. तांदळाच्या दाण्याएवढाच, पण आत गेला आणि बाहेर आला. झोपलेल्या माणसाच्या पांघरुणासारखा. नवीन कातडं त्याच्याबरोबर ताणलं जात होतं आणि सैल पडत होतं.

मग त्यातून आवाज आला. मुंगी बोलली तर बोलेल एवढा, पण माणसाचा.

"खोकला गेला न्हाय व्हय अजून?"

वडील गेले ते खोकतच गेले होते.

पडदा थरथरला. "अवं," तो आवाज म्हणाला, "मी येऊ का आता?"

आवाज आईचा होता. माझी नजर बाजूला टाकलेल्या वायरींच्या पिळावर गेली. तो मी ॲम्प्लिफायरमधून काढला होता, पण सोडवला नव्हता. म्हणजे वरचा आणि खालचा स्पीकर आता फक्त एकमेकांना बांधलेले होते. एकाचा पडदा हलवला की त्याच्यामागच्या चुंबकामुळं जराशी वीज तयार होते, तेवढ्याशा विजेवर दुसऱ्याचा हलणार, एकाशी बोललं की दुसऱ्यातून बारीक ऐकू येणार. मी वर पडदा दाबत होतो तेव्हा खाली आईच्या उशाशी तिचा स्पीकर श्वास घेत होता. आणि वरचा पडदा हलला तो तिच्या हातानं; तिनं खालच्यावर हात ठेवला होता. शेवटच्या आजारात वडिलांच्या छातीवर ठेवून बसायची तसाच. हे तिनं पुढं कधीतरी स्वतःच सांगितलं. आणि मग त्या छातीतून तिला खोकला ऐकू आला होता.

शहाणा माणूस खाली गेला असता. तिच्याजवळ बसला असता, हात हातात घेतला असता. माझ्या मनात मात्र आलं, की आपलं ती ऐकत नाही, पण वडिलांचं ऐकेल. येऊ का म्हणून विचारतेय, आणि कुणी उत्तर दिलं नाही तर ती स्वतःच उत्तर ठरवून मोकळी होईल. ह्या विचारानं मला पडदा हलला त्यापेक्षा जास्त भीती वाटली.

मी पडद्याला तोंड लावलं. तिचा आवाज एवढा बारीक येतोय, म्हणजे माझाही तिकडं बारीकच जाणार, असा हिशेब केला आणि घसा खरवडून, वडिलांसारखा जड आवाज काढून, पोटातून ओरडलो.

"अगं, एवढ्यात नको! आधी ऊठ! चार पावलं चाल, मग बघू!"

पडदा निपचित. मी कान टेकवून बसलो. कातड्याला अजून सोल्युशनचा वास होता. बऱ्याच वेळानं आतून एक 'टक्' आला. मग जरा थांबून दुसरा, थोडा लांबून. मग आणखी लांबून. मग पडद्यातून काहीही येईनासं झालं.

तेव्हा मला सुचलं, की ती खरंच उठली असेल तर तिला धरायला खाली कुणी नाही. पडली तर ह्या खेपेला डॉक्टरांना काय सांगणार, वडिलांनी चालायला सांगितलं म्हणून?

मी जिन्याकडं धावलो. जिना घरातच, खिडकी नसलेला. खालच्या पायरीशी अंधारात एक बाई उभी होती. पांढरे केस सुटलेले, मान वर केलेली. मी चक्क किंचाळलो. इतके दिवस आईला मी आडवीच बघत होतो. उभी आई किती उंच असते हे मी विसरून गेलो होतो.

वॉकरच्या दांड्यांवर तिची बोटं पांढरी पडली होती. गुडघे लटलटत होते, पण ती उभी होती, आणि धरायला जवळ कुणीही नव्हतं. मी पायऱ्या उतरायला लागलो तसा तिनं एक हात सोडून मला तिथंच थांबवला.

"स्पीकरातनं आलं ते मुंगीएवढं," ती म्हणाली, "आन् जिन्यातनं आलं ते गल्लीभर."

मी काहीतरी पुटपुटलो. तू उठत नव्हतीस म्हणून, वगैरे.

तिनं मला खालपासून वरपर्यंत एकदा बघून घेतलं.

"खोकला तेवढा बापाचा हाय तुझा. बाकी सगळा रेडा."