मला आईला घास भरवायला शिकवणाऱ्या एस्तेरबाई

एस्तेरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या वर्गातली मुलं उठून त्यांच्याकडे गेली, त्या रविवारी. पतीच्या नोकरीमुळे त्या गंगापूरहून नुकत्याच शहरात आल्या होत्या आणि त्याच रविवारपासून आमच्या चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवू लागल्या होत्या. माझा पाठ प्रीतीवरचा होता. चार पानांची टिपणं काढली होती. बाहेर अंगणात एस्तेरबाई चर्चच्या आजारी चौकीदारांसाठी मेथी निवडत होत्या आणि मुलांनाही निवडायला लावत होत्या. "बाई, आम्ही तिकडं जाऊ?" मुलांनी विचारलं. मी जा म्हटलं. मनातून मात्र मला ते फार लागलं.

पुढची पंचवीस वर्षं आम्ही एकत्र शिकवलं. भाषणाला मंडळी मला बोलावत, दुखण्याखुपण्यात त्यांना. प्रीतीला हेवा ठाऊक नसतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवलं आणि दरवर्षी त्यांचा हेवा केला. गौरवग्रंथात हे लिहिणं शोभत नाही, पण हे वगळून त्यांच्याविषयी खरं काही लिहिता येणार नाही.

माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा आम्ही शहराबाहेर बजाजनगरला राहत होतो. मी शिक्षिका, दिवसभर शाळेत असायची. एस्तेरबाई आपणहून दुपारी प्रवासी जीपने येऊन आईला जेवू घालू लागल्या. त्यांच्या हातून आई वाटीभर दूधभाकरी खायची. रात्रीच्या जेवणाला मी घास पुढे केला की दचकून तोंड फिरवायची आणि विचारायची, "एस्तेर कुठाय?"

दोन महिने मी ते ऐकलं. मग एका सुट्टीच्या दिवशी एस्तेरबाईंना दारातच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. आई माझी आहे."

"व्हय, तुमचीच हाय," त्या म्हणाल्या. पायात चपला घातल्या आणि गेल्या. कपाळावर एक आठी नव्हती.

त्यानंतर दोन दिवस आईने पाण्याखेरीज काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

"येते मी. पण घास तुम्हीच भरवायचा. तुम्ही बसता कुठं?"

"खुर्चीवर. पलंगाच्या डाव्या बाजूला."

"डाव्या अंगाचं दिसत नाय त्यांना. घास कुठून आला ते कळत नाय, म्हणून दचकतात. उजवीकडं बसा. पयलं हात दाखवा, मग घास."

मी आईची मुलगी, आणि इतकं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी येऊन खुर्ची पलंगाच्या उजव्या बाजूला नेली आणि तिथे बसले. एस्तेरबाई स्वयंपाकघरात थांबल्या, आईच्या नजरेस पडल्या नाहीत. आईने पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाली, "मालू, मीठ कमी झालंय." दोन महिन्यांत तिने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती. आतून मिठाची बरणी पुढे आली, तेवढाच एस्तेरबाईंचा हात मला दिसला.

पुढे आठवडाभर त्या येत राहिल्या, मग दिवसाआड, मग थांबल्या. आईने त्यांना विचारणंही सोडलं. माझ्या आईचा जीव त्यांच्यावर जडला होता, तो त्यांनी माझ्याकडे वळवून दिला. ख्रिस्ती प्रीती म्हणजे काय, हे मला माझ्या टिपणांतून नव्हे, तेव्हा कळलं.

आई गेल्यावर प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी माझ्या सेवेचं फार कौतुक केलं. एस्तेरबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी उठून खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बाहेर पडताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि "जेवून घ्या" एवढंच म्हणाल्या. ते सगळं कौतुक त्यांचं होतं, हे आज मंडळीसमोर प्रथमच लिहिते आहे.

एस्तेरबाईंनी वयाची पंचाहत्तर वर्षं पूर्ण केली. परमेश्वर त्यांना धडधाकट शंभरी देवो. माझ्या मनातला त्यांचा हेवा पुरता जायला तेवढी वर्षं लागतीलच.