दातारांनी ‘बरोबर आहे’ म्हटलं तेव्हा

“स्कॅन कशासाठी? मी बोलतोय ना तुमच्याशी?”

दातारांच्या कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ होतं, कॉलरवर रक्त होतं आणि आवाज मात्र सोसायटीच्या वार्षिक सभेतला होता. मार्केट यार्डातून आंब्याची पेटी घेऊन निघताना हातगाडीचा धक्का लागून ते स्कूटरवरून पडले होते. हेल्मेट घरी होतं. ते सुरक्षित होतं. दोन मिनिटं शुद्ध गेली. मग उठून त्यांनी हातगाडीवाल्याला रहदारीचे नियम समजावले आणि घरून पत्नीला, मालतीबाईंना, घेऊन रिक्षाने आमच्या कॅज्युअल्टीत आले.

“मोठे डॉक्टर कधी येतील?” त्यांनी मला विचारलं.

“मीच न्यूरोसर्जन आहे.”

“हो का? असो.”

असले ‘असो’ पचवतच मी इतकी वर्षं प्रॅक्टिस केली आहे.

डोक्याला मार लागला की कधीकधी कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये एखादी रक्तवाहिनी फुटते. रक्त हळूहळू साचत जातं. तोवर पेशंट ठणठणीत दिसतो, बोलतो, हुज्जत घालतो. या काळाला आम्ही ल्युसिड इंटर्व्हल म्हणतो. नातेवाईक त्याला ‘काही झालेलं नाही’ असं म्हणतात. पुढे मेंदूवर दाब वाढला की माणूस पेंगायला लागतो, आणि वेळेत कवटी उघडली नाही तर तो उठत नाही.

हे सगळं मी दातारांना सांगितलं. ते म्हणाले, “मंदारला विचारतो.”

मंदार त्यांचा मुलगा, कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअरमध्ये. आईवडील इथे आणि निर्णय तिकडे, ही पद्धत तेव्हा पुण्यात नुकतीच रुळली होती. दातारांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

“डॉक्टर, मी नेटवर वाचलंय,” मंदार म्हणाला. “बाबा ओरिएंटेड आहेत, व्हॉमिटिंग नाही. स्कॅन म्हणजे अननेसेसरी रेडिएशन.”

“आपण कशातले?”

“डेटाबेस.”

“छान. मी डेटाबेसमध्ये लक्ष घालत नाही.”

तो हसला नाही. शेवटी तडजोड झाली. दातारांनी ‘सल्ला समजला, स्कॅन नको’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली आणि संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली राहायचं कबूल केलं. दर अर्ध्या तासाने आमचा रेसिडेंट डॉक्टर त्यांना नाव, वार, ठिकाण विचारायचा. शुद्धीला आम्ही मार्क देतो. दातारांना दर वेळी पंधरापैकी पंधरा. तो कागद बघून मी समाधानाने ओपीडीत गेले.

दोनच्या सुमारास मालतीबाई ओपीडीच्या दारात उभ्या राहिल्या.

“डॉक्टर, यांना काहीतरी होतंय.”

“उलटी झाली? डोकं दुखतंय?”

“नाही. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचे मामा यांना म्हणाले, या वयात स्कूटर चालवू नये. तर हे म्हणाले, ‘बरोबर आहे तुमचं.’”

रेसिडेंट फिसकन हसला.

“हसू नका हो. चौतीस वर्षांत यांनी कोणाला ‘बरोबर आहे’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला तर नाहीच नाही.”

खरं सांगते, मीही हसणारच होते. पण त्यांचा चेहरा बघून उठले. दातार डोळे मिटून पडले होते. हाक मारल्यावर त्यांनी डोळे उघडले. नाव सांगितलं, वारही बरोबर सांगितला. फक्त प्रत्येक उत्तराआधी थोडे थांबत होते.

“स्कॅन करू या का?” मी विचारलं.

“करा की.”

मी लगेच वाकले. डोळ्यांत टॉर्च मारून पाहिला. उजवी बाहुली डावीपेक्षा किंचित मोठी झाली होती; आत दाब वाढल्याची ती खूण.

स्कॅनमध्ये उजवीकडे रक्ताचा जाड थर दिसला आणि मेंदू डावीकडे ढकललेला. स्कॅनच्या खोलीतून बाहेर आणेपर्यंत दातार हाकेला ओ देईनासे झाले. आता हातात मिनिटं होती. नेमका तेव्हा मंदारचा फोन आला. स्कॅनमध्ये काय दिसलं ते मी त्याला सांगितलं.

“स्कॅन ईमेल करा. माझ्या मित्राचा कझिन इथे न्यूरॉलॉजिस्ट आहे. त्याचं ओपिनियन येईपर्यंत प्लीज होल्ड करा.”

मालतीबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. “मंदार, तू ओपिनियन घे. अगदी सावकाश घे. इकडे मी सही करतेय.”

सही त्यांनी पूर्ण नावाची केली.

आम्ही कवटीचा एक तुकडा झाकणासारखा उघडला, गोठलेलं रक्त काढलं, फुटलेली धमनी बंद केली. दबलेला मेंदू हळूहळू वर आला आणि त्याची धडधड दिसायला लागली. हे मी असंख्य वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी मात्र माझे डोळे भरून आले, कारण मालतीबाई आल्या नसत्या तर मी त्या पंधरापैकी पंधराच्या कागदावर विसंबून बसले असते.

मित्राच्या कझिनचं ओपिनियन दुसऱ्या दिवशी आलं. ऑपरेशन ताबडतोब करावं, असं त्याचं स्पष्ट मत होतं.

चौथ्या दिवशी राउंडला गेले तेव्हा दातार उशीला टेकून बसले होते.

“मला न विचारता डोकं उघडलंत?”

“तुमच्या मिसेसनी परवानगी दिली.”

“तिला कोणी विचारलं होतं?”

मालतीबाई मोसंबं सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

“कोणीच नाही,” मी म्हणाले. “सकाळपासून त्या इथेच होत्या आणि त्यांना कोणीच काही विचारलं नाही. तुम्ही नाही, मंदारने नाही, आणि मी बाई असून मीसुद्धा नाही. त्या आपणहून बोलल्या म्हणून तुम्ही आज मला जाब विचारताय.”

दातार काहीच बोलले नाहीत. बराच वेळ बोलले नाहीत.

“डॉक्टर,” मालतीबाई म्हणाल्या, “पुन्हा स्कॅन करायचा का?”

त्या आठवड्यात मी निरीक्षणाच्या कागदावर एक ओळ वाढवली: ‘घरच्या माणसाला विचारा, पेशंट नेहमीसारखा वागतोय का?’ बायका बहुधा सांगतात, “नेहमीसारखेच वागतायत, तीच तर अडचण आहे.” असं उत्तर आलं की आम्ही जरा निर्धास्त होतो.