पांढऱ्या फडक्यावरचं लाल तेल

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात दिलीप येऊन उभा राहिला. "बाबूभाऊ, पांढरं कापड पाह्यजे." मी मागे न बघताच मांजरपाटाच्या तुकड्यांच्या खोक्यात हात घातला. त्याच्या मोठ्या भावाला, म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या मित्राला, वसंताला, गाडीचं तेल तपासायला पांढरं फडकं लागायचं. ते वर्षानुवर्षं माझ्याच दुकानातून जात होतं आणि बरेचदा न्यायला दिलीपच यायचा. "गाडी बंद पडली तरी तुह्या दादाचे फडके काही बंद होत नाही," असंही मी वरून बोललो. वसंताची टर उडवल्याशिवाय त्याची वस्तू द्यायची नाही, ही माझी जुनी खोड. दिलीप पायरी चढून आत आला. मग म्हणाला, "तुकडा नाही, बाबूभाऊ... पुरं लागते." माझा हात खोक्यातच राहिला. सकाळी वहिनींनी चहासाठी हाक मारली आणि वसंता उठलाच नाही, एवढंच तो सांगू शकला. जन्मभर कापड फाडत आलोय, पण त्या सकाळी ते माझ्याकडून सरळ फाटलं नाही.

होळी जवळ आली होती तेव्हाची ही गोष्ट. आता उन्हं तापली आहेत आणि दारव्ह्याच्या बाहेरची वसंताची रोपवाटिका वाळून कोळसा झाली आहे. मिरची, वांगी, टमाट्याची रोपं तो ट्रेमध्ये वाढवायचा आणि गावोगावच्या शेतकऱ्यांच्या बांधावर नेऊन द्यायचा. रोप म्हणजे तान्हं लेकरू, उन्हं चढायच्या आत पोचलं पाहिजे. पण वसंताचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. क्लच दाबणं त्याच्या नशिबात नव्हतं, म्हणून भाड्याचा ड्रायव्हर ठेवावा लागे. आणि ड्रायव्हर लोकांना सकाळी चहाच्या टपरीवर जे काय सापडतं ते सापडेपर्यंत रोपं माना टाकत. एकदा कळंबकडच्या एका ऑर्डरीचा माल अख्खा सुकला, तेव्हा हा माणूस माझ्या दुकानात बसून रडला होता. मग कुठून तरी त्याला कळलं की नागपूरला एका कंत्राटदाराची जुनी पिकअप विकायला आहे, ऑटोमॅटिक गिअरची. क्लच नाहीच. ती घेऊन तो स्वतः चालवत आला आणि माझ्या दुकानासमोर हॉर्न वाजवत बसला. "बाब्या, पाह्य! गाडीले दोनच पायडल, अन् मले दीडच पाय. जमलं न!" इतका हसलेला वसंता मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. आयुष्यात तो पहिल्यांदाच कुणालाही न विचारता घराबाहेर पडत होता.

पण अशा गाडीचं पोट फार नाजूक. तिच्या गिअरच्या डब्यात साधं गिअर ऑइल चालत नाही, लाल रंगाचं पातळ तेल लागतं, आणि तेही कंपनीने पुस्तकात सांगितलेलंच. तेलाच्याच दाबावर तिचे गिअर पडतात, असं तो सांगायचा. यवतमाळात एक तेलवाला त्याला म्हणाला, "लाल ते लाल, सगळं एकच असते, न्या." वसंता म्हणाला, "कुकूबी लाल अन् तिखटबी लाल, कपायाले तिखट लावशीन काय?" मी तिथेच होतो, तेलवाल्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. शेवटी तेल नागपूरहूनच यायचं. ते तपासायला त्याने रोपवाटिकेत सिमेंटचा ओटा करून घेतला, नळीत पाणी भरून पातळी लावून, अगदी सपाट. कारण या डब्याला तेल मोजायची काडी नसते. गाडी फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं आणि खाली सरकून डब्याच्या बाजूचा नट खोलायचा. थेंबथेंब तेल आलं तर बरोबर, धार लागली तर जास्त, काहीच आलं नाही तर कमी. वसंता गोणपाटावर निजायचा, डावा पाय हाताने उचलून आत घ्यायचा आणि माझं फडकं नटाखाली धरायचा. फडक्यावर लाल डाग पडला की मला दाखवायचा. लाल म्हणजे तब्येत ठीक, तपकिरी म्हणजे बदलायची वेळ झाली, काळं आणि करपट वासाचं म्हणजे संपलं. "एवढी काळजी वहिनीची घेतली असती तं," असं मी म्हणायचो. वहिनी आतून म्हणायच्या, "सांगा, भाऊजी, सांगा."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर त्याला ताप भरला आणि यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुवायची, तेल बदलायचं, हार घालायचा. दादा दवाखान्यात, मग त्याच्या गाडीचा दसरा कोण करणार? दिलीपने केला. तो शेतकरी माणूस, ट्रॅक्टरचं सगळं स्वतः करणारा. वसंताने पुढच्या बदलासाठी आणलेले लाल तेलाचे दोन डबे फळीवर होते, ते त्याने पाहिलेही. पण झाकण उघडून बघतो तर पाण्यासारखं पातळ! आमच्या भागात घट्ट तेल म्हणजे दमदार तेल. दादाने काहीतरी हलकं आणलं असं त्याला वाटलं, आणि त्याने ट्रॅक्टरसाठीचं चांगलं जाड गिअर ऑइल पिकअपच्या डब्यात भरलं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला आणि सुट्टी झालेल्या भावाला आणायला निघाला. मीही सोबत होतो. "गाडी जराशी जड चालून राह्यली," तो वाटेत म्हणाला, "तेल नवं हाय न." मला यातलं ओ का ठो कळत नाही. मी मान डोलावली.

परत येताना लाडखेडच्या अलीकडे चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि गाडी थांबली. केस जळावेत तसा वास आला. पुढच्या सीटवर शाल पांघरून बसलेल्या वसंताने नाक वर केलं. "दिल्या, डब्यात कोन्तं तेल टाकलं?"

"सगळं नवं टाकलं, दादा. तुयं ते पातळ नाही टाकलं. चांगलं घट्ट आणलं."

वसंता समोरच्या हाराकडे बघत राहिला... मग म्हणाला, "बरं केलं. डब्बाच जुना होता. आज ना उद्या जानारच होता."

गाडी ओढून ओट्यावर आणली. चार दिवसांनी, अंगात त्राण नसताना, तो खाली सरकला. फडक्यावर काळं, चिकट काहीतरी पडलं. ते त्याने घडी करून माझ्या हातात दिलं. "दिल्याले सांगू नको. ट्रॅक्टर इकून डब्बा आणीन तो. त्याच्या लेकराईनं काय करावं मंग?" नागपूरहून निरोप आला होता की अख्खा गिअरचा डबाच बदलावा लागेल, आणि तो या जुन्या गाडीला सहजी मिळणारही नाही. मी दिलीपला सांगितलं नाही. पुन्हा भाड्याची गाडी आणि भाड्याचे ड्रायव्हर आले, पुन्हा रोपं सुकली, गिऱ्हाइकं तुटली. ताप गेला पण वसंता काही पुन्हा उभारी धरेना. संध्याकाळी तो पिकअपमध्ये जाऊन बसायचा, इंजिन चालू करायचा, गिअर पुढे टाकायचा. गाडी जागेवरच. मी शेजारी बसलो की म्हणायचा, "चाल, फुलसावंगीले रोपं देऊन येऊ." सुरुवातीला मी हसायचो. नंतर मला ते सहन होईना, तरी जायचो.

तेरवीनंतर थोड्या दिवसांनी दिलीप पुन्हा दुकानात आला. "फडक्यापुरतं द्या." मी त्याच्यासोबतच गेलो. त्याने फळीवरचे ते दोन लाल तेलाचे डबे उतरवले होते. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "मले माहीत हाय, बाबूभाऊ. गॅरेजवाल्या रशीदभाईनं दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगतलं, घट्ट तेलानंच डब्बा जळला म्हनून. म्या वाट पाह्यली, दादा आज शिव्या देईन, उद्या देईन. एक शिवी देल्ली असती तं म्या त्याच दिवशी ट्रॅक्टर इकला असता. पण त्यानं म्हटलंच नाही, मंग म्या कोन्त्या तोंडानं म्हनू?" एकाने भावाला वाचवलं, दुसरा शिवीची वाट बघत राहिला, आणि मधल्या मधे गाडी उभी राहिली. वसंतावर पेपरात काही लिहायचं माझ्या मनात होतं; त्यात हे छापू का, असं मी त्याला विचारलं. "छापा," तो म्हणाला, "दादाले तं म्या सांगतलंच नाही."

मग त्याने खालचं सगळं काळं तेल काढलं, पंपाने नवं भरलं, इंजिन चालू करून त्याच गोणपाटावर निजला आणि नट खोलला. फडक्यावर एक थेंब पडला, मग दुसरा. लालभडक, स्वच्छ. "बरोबर हाय न, बाबूभाऊ?" त्याने खालूनच विचारलं. मी म्हटलं, "बरोबर हाय."

तो बाहेर आला, हात पुसले, वसंताच्या सीटवर बसला आणि गिअर पुढे टाकला. इंजिन ओरडलं. गाडी हलली नाही. दिलीप बराच वेळ तसाच पाय दाबून बसला होता.