डावखुऱ्याची उजवी रायफल

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी डावखुरा. पण दुबईत आल्यापासून ऑफिसात कुणाला कळू दिलेलं नाही. आमच्या अरबी मालकांसमोर कॉफीचा कप, फाइल, सही, सगळं उजव्या हाताने. डावा हात पुढे केला की इथे अपमान वाटतो, आणि माझा व्हिसा त्यांच्याकडे.

मला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद आहे, हे त्यांना कुठूनतरी कळलं. आज सकाळी म्हणाले, "यल्ला, तुम्हारा पहला रायफल हम देगा. लायसन्स हमारा, रखेगा क्लब में." मी आपल्या पद्धतीने नको नको म्हटलं. त्यांनी तो होकार धरला.

दुकानात त्यांनी एक देखणी बोल्ट-ॲक्शन निवडली. बोल्टचा दांडा उजवीकडे! म्हणजे दर गोळीनंतर मी डावा हात ट्रिगरवरून काढून, रायफलवरच्या दुर्बिणीवरून पलीकडे नेऊन, पुढची गोळी भरायला बोल्ट ओढायचा. नेमाचे बारा वाजले.

तेवढ्यात सेल्समनने डाव्या बोल्टचीही एक काढली. मला हवी होती अगदी तीच.

मालक हसले. "हबीबी, ये उल्टा कौन लेगा?"

सेल्समन हसला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

खलास. उजवीच घेतली.

बायको म्हणते, "आईंना पट्ट्या मारून जे जमलं नाही, ते तुझ्या मालकांनी प्रेमाने करून दाखवलं."

शुक्रवारी ते शेजारी उभे राहून माझी पहिली गोळी बघणार आहेत. सांगा, कुठल्या खांद्याला लावू?