बर्फाचं जाकीट आणि जिलबीची कढई

दादा आमचा लग्नातला आचारी. गेल्या वैशाखात भट्टीपुढं त्याला भोवळ आली. तेव्हाच वहिनीनं बजावलं, पुन्हा असं झालं तर जिलबी बंद. घरी बसून शेरडं सांभाळायची. दादा त्यापेक्षा भोवळ लपवेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मोबाईलवर शोधून मी त्याच्यासाठी बर्फाचं जाकीट मागवलं. आत कप्पे, कप्प्यांत गोठवलेल्या पिशव्या. रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात म्हणे. पिशव्या वेळेवर बदलायला मी स्वतः किकवी गावच्या लग्नात मदतनीस म्हणून गेलो. स्वयंपाकातलं मला चहा तेवढा येतो, आणि तोही घरात कुणी पीत नाही.

जाकिटात दादा खूश होता. येणारे-जाणारे मात्र विचारत होते, मांडवात बॉम्ब सापडलाय का म्हणून.

एवढ्यात वरात आली. मखमली शेरवानीतला नवरदेव उन्हानं घोड्यावरच डुलत होता. त्याचा मामा पाणी मागत भट्टीकडं धावला, तर दादानं सरळ जाकीट उतरवून त्याच्या हातात दिलं.

मी अडवायला गेलो. दादा म्हणाला, "आरं, त्यो पडला तर अक्षता लांबत्याल. पंगत बसंस्तोवर माजी जिलबी मऊ पडंल."

शेरवानीखाली जाकीट चढवलेला नवरदेव मंगलाष्टकांना टवटवीत उभा राहिला. त्याचं अचानक सुटलेलं पोट बघून नवरीकडच्या बायका तेवढ्या कुजबुजल्या. इकडं मी दादाला सुपानं वारा घालायला लागलो. निम्मा वारा दादाला लागायचा, निम्मा जाळाला. तिसऱ्या घाण्याला मला मांडव फिरताना दिसला.

डोळे उघडले तेव्हा मी चिंचेखाली होतो. भोवळीचं ऐकून वहिनी मांडवामागं पुऱ्या लाटायचं सोडून धावत आली होती आणि माझ्या नाकाशी कांदा धरून बसली होती.

"भट्टीपाशी कुणी पडलं की बंद, ठरलं व्हतं," ती दादाला म्हणाली.

"कुणी न्हाई, म्या पडलो तर," दादा म्हणाला. "ह्यो पडलाय. ह्याची जिलबी बंद कर."

वहिनी हसली नाही. तिनं पंचा भिजवून दादाच्या डोक्यावर ठेवला आणि कढईशी त्याच्या शेजारी उभी राहिली. "लई तापलं तर सांगा. लपवू नका."

त्यानंतर दोनदा दादानं झारा तिच्या हाती दिला आणि माझ्याशेजारी सावलीत येऊन बसला. मी सकाळपासून विचारत होतो, तेव्हा त्याला एकदाही गरम झालं नव्हतं.